कातड्यातलं भोक

संदेष्ट्यांचा उपवास चालू होता, त्रेचाळीस दिवसांचा.
दूध नाही, तूप नाही, दुपारपर्यंत पाणीही नाही,
आणि गोंदारच्या वरच्या डोंगरात थंडी अशी
की शिंगाच्या दौतीत शाई जड व्हायची.
मी अकरा वर्षांचा, मेरिगेता येकुनोंचा चेला.
काम एकच: मेंढराचं कातडं चौकटीवर ताणायचं
आणि चंद्रकोरीसारख्या सुरीनं खरवडत राहायचं,
केस संपेपर्यंत, चरबी संपेपर्यंत,
पलीकडे धरलेला हात दिसेपर्यंत.

सुरी अबेजेच्या भट्टीतली.
ओढ्यापलीकडची त्याची वस्ती. त्यांच्या देवळावर क्रूस नाही.
त्यांच्या हातचं पाणी आमच्यात कोणी पीत नसे,
नांगराचा फाळ मात्र त्यांच्याच हातचा.
जुनी वचनं त्यालाही पाठ, त्याच भाषेत, त्याच चालीत.
फक्त तो पानाच्या शेवटी थांबायचा
आणि आम्ही पान उलटायचो.

त्या दिवशी माझ्या हातून भोक पडलं.
गोचीड चावलेली जागा; ताणली की फाकते.
मेरिगेता रागावले नाहीत. कातडं टाकायचं नसतं.
ओढ्यात दगड आला की पाणी जातं
तसं वळसा घालून लिहायचं.
त्यांनी लिहिलं: वेढ्यात सापडलेला एक राजा,
तटावरून शत्रूचे तंबू मोजणारा,
आणि त्याला मिळालेली खूण:
एक तरुण बाई, तिच्या पोटात मूल.

शाई वाळल्यावर मी मोठ्यानं वाचू लागलो.
ओळ भोकापाशी आली, आणि भोकातून
खालच्या, आधीच लिहून झालेल्या पानावरचा
एक शब्द वर डोकावत होता. मी तोही वाचला.
तरुण बाई, मूल, आणि ते नाव,
तांबड्या शाईतलं, सातशे वर्षांनंतरचं.
वाक्य मोडलं नाही.
मी छडीची वाट बघत होतो.
"आपले पहिले लोक असेच वाचायला लागले असतील,"
मेरिगेता म्हणाले, आणि उगाचच
एक घट्ट दोरी पुन्हा आवळत बसले.

अबेजेला सांगितलं, तर तो इतका हसला
की हातातला भाता सुटला.
"म्हणजे तुम्ही भोकातून वाचता!"
मग निखाऱ्यांकडे बघत: "त्याच्या दारात सैन्य उभं.
तहानलेल्या माणसाला कुणी
पणतवाच्या विहिरीचा पत्ता देतं का रे?"

मी प्रश्न घेऊन परत आलो. मेरिगेतांनी तो
दोन दिवस तसाच ठेवला, भिजत घातलेल्या कातड्यासारखा.
"त्याला सांग, पाणी त्या राजाचंच होतं.
त्यानं तांब्या भरून घेतला.
पण तेवढ्यानं झरा आटत नाही."

हे सांगायला गेलो तर भट्टी थंड.
रातोरात गेली होती वस्ती, सुदानच्या वाटेनं, पायी,
यरुशलेमला परत नेण्याचं कुठलंसं जुनं वचन
पायांनी वाचत.
ऐरणीवर एक सुरी, नवी, मुठीला कातडं न बांधलेली.

आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू.
सुरी तीच, घासून घासून अर्धी राहिलेली.
चेला लिहितोय ती ओळ,
कापायला नेताना न ओरडलेल्या मेंढराची,
मेंढराच्याच पाठीवर.
"हा कोण?" तो विचारतो.
मी चटकन नाव सांगतो. सांगताना आजही गळा दाटतो,
आणि त्याच क्षणी ओढ्यापलीकडून
कुणीतरी मोठ्यानं हसल्याचा भास होतो.
दिसलेला शब्द खरा होता. यावर माझा जीव टांगलाय.
भोक माझ्या हातून पडलं होतं, हेही खरं.

"बाळा, इथं जपून," मी म्हणतो,
"इथं कातडं पातळ आहे."